पायाच्या अंगठ्याला कंपन कळतं का?



सकाळी बदलापूरच्या फलाटावर लोकलची वाट बघत उभे असताना पुण्याकडे जाणारी एखादी गाडी न थांबता धडधडत जाते. तिचा आवाज आपल्या सवयीचा असतो. पण त्या क्षणी पायांकडे लक्ष द्या. फलाट थरथरतो आणि तो थरथराट चपलेच्या तळातून टाचेत, घोट्यात चढतो. कानात इअरफोन घालून, मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभा असलेला माणूसही अर्धं पाऊल मागे सरकतो. त्याने गाडी पाहिलेली नसते, ऐकलेलीही नसते. त्याच्या पायांना ती कळलेली असते.

माझं घर बदलापूरला, दवाखाना उल्हासनगरला, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मी अंबरनाथला बसतो. म्हणजे रेल्वेचा आणि रिक्षाचा थरथराट माझ्याही पायांनी भरपूर अनुभवला आहे. आज लिहायचं आहे ते हा थरथराट टिपणाऱ्या त्वचेतल्या सूक्ष्म यंत्रणेबद्दल. ती माझ्या एका पेशंटच्या पायात हळूहळू बंद पडत होती आणि मी दर महिन्याला त्यांना तपासत असूनही मला ते कळलं नव्हतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे माझी चूक कुठे झाली ते नीट कळेल.

आपण 'स्पर्श' असा एकच शब्द वापरतो, पण त्वचेत त्याचे वेगवेगळे खबरे आहेत. मज्जातंतूंची जी टोकं ही खबर टिपतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. एका तळहातात स्पर्श टिपणारे साधारण सतरा हजार मज्जातंतू पोहोचलेले असतात. हाता-पायांच्या केस नसलेल्या त्वचेत मुख्यतः चार प्रकारचे रिसेप्टर काम करतात. मर्केल या जर्मन संशोधकाच्या नावाचे रिसेप्टर स्थिर दाब आणि कडा ओळखतात. खिशात हात घालून न बघता तुम्ही दोनचं आणि पाचचं नाणं वेगळं करता ते मुख्यतः यांच्या जोरावर. माइसनरचे रिसेप्टर बोटांच्या ठशांच्या रेघांखाली अगदी वरच्या थरात असतात. हातातला स्टीलचा पेला किंचित जरी निसटू लागला तरी ते कळवतात आणि तुमच्या नकळत पकड घट्ट होते. रुफिनीचे रिसेप्टर त्वचेचा ताण ओळखतात. चौथे पॅसिनीचे. आजच्या लेखाचे नायक हेच.

फिलिप्पो पॅसिनी हा इटलीतला. वैद्यकीचा विद्यार्थी असताना, १८३१ मध्ये, हाताचं विच्छेदन करताना त्याला मज्जातंतूंना लगडलेले बारीक दाणे दिसले. आकार जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा, आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक. मायक्रोस्कोपशिवाय दिसू शकणारे स्पर्शाचे रिसेप्टर हेच. (याच पॅसिनीने १८५४ मध्ये कॉलराचे जंतूही पाहून त्यांचं वर्णन केलं होतं. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी रॉबर्ट कॉखच्या कामानंतर जगाने ते मानलं. पण तो विषय वेगळा.)

हा दाणा आडवा कापला तर आतून हुबेहूब कांदा. एकावर एक पापुद्रे, मध्ये पातळ द्रव, आणि अगदी गाभ्यात मज्जातंतूचं टोक. इतक्या नाजूक टोकाभोवती एवढे पापुद्रे कशाला? पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्यावर हळूहळू बोट दाबलं तर पाणी बाजूला सरकतं आणि पिशवी त्या दाबाशी जुळवून घेते. तेच टिचकी मारली तर सगळी पिशवी हादरते. पॅसिनीच्या दाण्यातही असंच होतं. स्थिर दाब पापुद्रे जिरवून टाकतात, आणि गाभ्यापर्यंत पोहोचतो तो फक्त बदल, हादरा, कंपन. १९६५ मध्ये लोवेनस्टाइन आणि मेंडेलसन यांनी मांजराच्या पोटातल्या अशा दाण्यांचे पापुद्रे सोलून पाहिले. सोललेल्या टोकाचा दाबाला मिळणारा विद्युत प्रतिसाद लगेच विरून जाईना, दाब असेपर्यंत तो बराच टिकू लागला. 'जुळवून घेण्याचं' मोठं काम पापुद्रे करत होते!

सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनं असतील तर हा दाणा सगळ्यात तल्लख असतो. त्वचा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी हलली तरी तो कळवतो. मोबाईल खिशात थरथरतो तोही साधारण याच्या जवळपासच्या वेगाने, म्हणून तर जाड जीन्समधूनही तो समजतो.

स्पर्शाच्या रिसेप्टरांमध्ये दाबाचं रूपांतर विजेच्या संदेशात करणारं मुख्य प्रथिन सापडलं ते अगदी अलीकडे. त्याचं नाव पिझो-२. ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. जन्मतःच हे प्रथिन नीट नसलेली काही थोडी माणसं जगात आहेत. त्यांना कंपन कळत नाही, आणि डोळे बांधले तर आपले हात-पाय कुठे आहेत हेही नीट कळत नाही. उघड्या डोळ्यांनी ती चालतात, अंधारात कोलमडतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मावशी.

मावशी अंबरनाथ पूर्वेच्या. वय तेव्हा अठ्ठावन्न, मधुमेह अकरा वर्षांचा. माझ्याकडे यायला लागून सहा वर्षं झाली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायच्या, फाईल नीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी शुगर बघायचो, बीपी घ्यायचो, गोळ्या लिहायचो, सुनेची चौकशी करायचो. पाच-सहा मिनिटं. बाहेर वीस पेशंट बसलेले. शुगर कधी बरी, कधी वाढलेली. "पायाला मुंग्या येतात का?" असं मी अधूनमधून विचारायचो, त्या "नाही हो" म्हणायच्या, आणि मी पुढे सरकायचो.

एकदा सूनच त्यांना धरून घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, आईंच्या पायाला वास येतोय, त्या म्हणतात काही दुखत नाही." मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तपासणीच्या टेबलावर पाय वर घेऊन बसवलं. उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटात जोडवं रुतलं होतं. पाय सुजून बोट जाड झालं होतं, जोडवं तेवढंच राहिलं होतं. चांदी त्वचा कापून आत गेली होती. खाली काळं पडलं होतं. हे दोन दिवसांत झालेलं नव्हतं. त्या मात्र रोज पाणी भरत होत्या, जिने चढत होत्या.

जोडवी घालणाऱ्या बायकांना विचारा, ती बोटात आहेत हे दिवसभर आठवतही नाही. ते स्वाभाविक आहे. स्थिर दाबाची खबर काही रिसेप्टर लगेच थांबवतात, काही हळूहळू मंदावतात, आणि मेंदूही तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. घड्याळ, चष्मा, अंगठी यांचं असंच असतं. पण जोडवं घट्ट होऊ लागलं, टोचू लागलं, तर निरोगी पाय लगेच तक्रार करतो. मावशींचा पाय तक्रार करायचं केव्हाच विसरला होता. आणि त्यांना वाटलं, माझं सगळं ठीक आहे. मलाही तेच वाटलं.

त्या दिवशी मी ड्रॉवरच्या तळातून नादकाटा काढला. शाळेत विज्ञानाच्या तासाला पाहिला असेल तुम्ही, दोन दात्यांचा, हातावर आपटला की गुणगुणणारा. माझे पेशंट त्याला 'चिमटा' म्हणतात. आम्ही पायासाठी वापरतो तो सेकंदाला १२८ वेळा थरथरणारा. आपटून त्याची दांडी अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर टेकवायची. हाड ते कंपन आजूबाजूला पसरवतं आणि खोलवर बसलेले पॅसिनीचे दाणे जागे होतात. पेशंटने डोळे मिटायचे आणि थरथर थांबली की सांगायचं. मग लगेच तोच काटा डॉक्टरने स्वतःच्या अंगठ्याच्या हाडावर लावून बघायचा.

मी आधी काटा त्यांच्या मनगटावर लावला, म्हणजे काय ओळखायचं ते कळावं. "हां, मोबाईलसारखं," त्या म्हणाल्या. मग पायाच्या अंगठ्यावर. "कळतंय का?" "लावा ना." "लावलाय मावशी." त्या गप्प. मी काटा उचलून माझ्या अंगठ्यावर ठेवला. तो तिथे झिणझिणत राहिला, मी सेकंद मोजत राहिलो, आणि मोजताना मला सहा वर्षांच्या त्यांच्या सगळ्या पहिल्या आठवड्यांची आठवण होत होती. या तपासणीला एक मिनिट लागतं. विजेची गरज नाही, पट्टी नाही, सुई नाही.

घोट्याच्या हाडावरही त्यांना काही कळलं नाही. गुडघ्याखाली थोडंसं कळलं.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ते बोट काढावं लागलं. पाय वाचला.

मावशींना मुंग्या का आल्या नाहीत, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मज्जातंतू जाड आणि बारीक असे असतात. कंपन, दाब आणि सांध्यांची स्थिती यांची खबर जाड, आवरण असलेल्या तंतूंतून जाते, सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने. जळजळ, टोचणं, गरम-गार यांची खबर बारीक तंतूंतून जाते. त्यातले सगळ्यात बारीक सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. (पायाचं बोट टेबलाला आपटल्यावर 'आपटलं' हे आधी कळतं आणि खरी कळ नंतर येते, ती यामुळेच.) मधुमेहात दोन्ही प्रकार बिघडतात, पण प्रत्येकात सारख्या क्रमाने नाही. कोणाचे पाय रात्रभर आग आग करतात. कोणाचे नुसते मुकाट्याने बधिर होत जातात. मज्जातंतू बिघडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच तक्रार नसू शकते. म्हणून 'मुंग्या येतात का' एवढं विचारून पाय तपासल्याचं समाधान मानता येत नाही. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

सुरुवात बोटांपासूनच होते, कारण ते तंतू शरीरातले सगळ्यात लांब. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत सुमारे मीटरभर. एवढ्या लांब तंतूचं पोषण करणं वाढलेल्या साखरेत अवघड होतं आणि टोक आधी सुकतं, जसं टाकीपासून लांब असलेल्या नळाला पाणी आधी कमी येतं. उल्हासनगरच्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

सगळा दोष मधुमेहाचाही नसतो. कंपनाची खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जाते, आणि बी-१२ कमी पडलं की तो भाग लवकर बिघडतो. माझ्याकडे येणाऱ्यांत शुद्ध शाकाहारी घरं बरीच आहेत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. ऐकलंत म्हणून गोळी स्वतःच बंद करू नका, ती चांगली गोळी आहे. फक्त डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. दारू, थायरॉइड, मूत्रपिंडाचे आजार, कॅन्सरची काही औषधं, हीही कारणं असतात. आणि सत्तरीनंतर अंगठ्याचं कंपन बऱ्याच निरोगी माणसांतही कमी होतं, त्यामुळे आजोबांना काटा कळला नाही म्हणून लगेच घाबरून जाऊ नका.

एक प्रश्न मी हल्ली सगळ्या वयस्कर पेशंटना विचारतो: "आंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का?" पिझो-२ नसलेल्या माणसांचं मघाशी सांगितलं ते आठवा. पाय जमिनीची खबर देईनासे झाले की आपण नकळत डोळ्यांच्या आधाराने उभे राहतो. डोळे मिटले, दिवे गेले, की आधार गेला. बाथरूममध्ये पडून खुबा मोडलेल्या कित्येकांचं मूळ 'पाय घसरला' एवढंच नसतं.

हातांबद्दल थोडक्यात. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत ग्राइंडर चालवणारे तरुण माझ्याकडे येतात, बटण लावता येत नाही, बोटं बधिर वाटतात म्हणून. हे उलटं प्रकरण आहे. इथे कंपनच वर्षानुवर्षं इतकं मिळालं की बोटांतले तंतू आणि रक्तवाहिन्या बिघडल्या. अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ च्या हिवाळ्यात दगड फोडणाऱ्या कामगारांत हे पाहिलं, त्यांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत. आपल्या हवेत पांढरेपणा सहसा चुकतो, बधिरपणा राहतो. अशांनी "कामाने हात दुखतोय" एवढंच सांगू नये, कोणतं मशीन, रोज किती तास, हे सांगावं.

आता पायांची काळजी. दवाखान्यात आम्ही काट्याबरोबर एक नायलॉनचा धागा वापरतो. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो, तळव्यावर टेकवून विचारायचं. यामागची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे. तामिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं 'झडतात' असं तेव्हा सर्रास मानलं जाई. ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत. बधिर पायाला लागलेलं कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि त्याने बोट जातं. मग तिथे मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला वापरात आल्या, त्याच आपल्या एमसीआर चपला. ब्रँड पुढे अमेरिकेत गेले आणि कुष्ठरोग्यांच्या पायांकडून शिकलेलं मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं जाऊ लागलं. विद्यार्थी असताना आम्हाला वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात नेलं होतं. १८९० पासूनचं ते कुष्ठरोग रुग्णालय. तिथले बांधलेले पाय मी पाहिले होते. तरी मावशींचे पाय बघायला मला सहा वर्षं लागली. कुष्ठरोगासाठीच्या चपला मी कशाला घालू, असं म्हणणारे पेशंट अजून भेटतात. त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

घरी एक तपासणी करता येते. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती रूढ केली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसाने आडवं पडून डोळे मिटायचे. घरच्या कोणीतरी आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. कळलं की 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजा आणि डॉक्टरांकडे जा. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा काटा आणि धागा लावून घ्याच.

बधिर पायाला शेक देऊ नका. गरम पाणी, पिशवी, तापवलेली वीट, काहीही नको. जळलेलं कळणार नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात दुपारी अनवाणी उभं राहून तळव्याला फोड आलेले मधुमेही मी पाहिले आहेत. तो काळा दगड साडेनऊशे वर्षांहून जुना आहे, पण उन्हात तव्यासारखाच तापतो. सकाळी लवकर जा. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका, आत हात फिरवा. एका पेशंटच्या बुटात नातवाची खेळण्यातली गाडी निघाली होती, दिवसभर पायाखाली. रोज रात्री तळवे बघा, दिसत नसतील तर आरसा खाली ठेवा. मोजे फिकट रंगाचे घाला, रक्ताचा डाग लगेच दिसतो. आणि जोडवी घट्ट होत असतील तर सैल करून घ्या, बोट सुजलं असेल तर काढा.

हे शेवटचं सांगणं मला सगळ्यात जड जातं. मावशींनी डाव्या पायातलं जोडवं काढायला साफ नकार दिला होता. काका हयात असताना जोडवी काढायची हे त्यांना पटेना. मी सुगर, न्यूरोपॅथी, सगळं सांगून थकलो. शेवटी काकाच म्हणाले, "अगं, मी इथे बसलोय ना. काढ." सराफाकडून त्यांनी ते पसरट, मागून उघडं असलेलं, सैल करता येईल असं करून आणलं. सणावारी दोन तास घालायचं, मग सुनेने काढून पाय बघायचा, असं ठरलं.

मावशी अजून येतात. बी-१२ कमी निघालं होतं, ते भरून काढलं. घोट्यावर आता काटा थोडा वेळ कळतो, अंगठ्यावर नाही, आणि तिथे कळेल अशी आशा मी त्यांना दाखवलेली नाही. फाईल पुढे करण्याआधी त्या चपला काढून टेबलावर पाय घेऊन बसतात. बाहेर रांग लागलेली असते. मागच्या खेपेला त्यांच्या नंतरचे गृहस्थ आत आले आणि खुर्चीत बसले. मावशी जाता जाता त्यांना म्हणाल्या, "अहो, बूट काढून बसा, डॉक्टर पाय बघतात."